पंडिता रमाबाई आणि इब्री अक्षरें

पुणें हें संस्कृत विद्येचें माहेरघर आहे, हें आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. परंतु ज्या भाषेंत जुना करार लिहिला गेला, त्या इब्री अथवा हिब्रू भाषेचाही या शहराशीं जुना संबंध आहे, ही गोष्ट थोड्यांच्याच ध्यानांत असते. लष्कर भागांतील लाल देऊळ १८६७ सालीं बांधून पुरें झालें. डेव्हिड ससून या दानशूर यहुदी गृहस्थांनीं तें आपल्या धर्मबंधूंच्या प्रार्थनेसाठीं बांधावयास घेतलें होतें. कोंकणांतून देशावर आलेले बेने इस्राएल लोक घरांत मराठी बोलत आणि प्रार्थना इब्रींत करीत. तेल गाळण्याचा धंदा करणारे हे लोक शनिवारीं घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजारपाजारचे त्यांस शनिवार तेली म्हणत. मराठी मुखांत इब्री शब्द अशा रीतीनें पिढ्यानुपिढ्या नांदत आले आहेत. तथापि त्या शब्दांच्या पोटांतला अर्थ मराठी खेड्यांतील अडाणी स्त्रीच्या हातीं यावा म्हणून जिनें आपल्या आयुष्याचीं शेवटचीं वर्षें वेंचिलीं, ती यहुदी नव्हती. ती एका चित्पावन शास्त्र्याची कन्या होती. पंडिता रमाबाईंचें नांव अनाथ स्त्रियांची कैवारीण म्हणून सर्वांस ठाऊक आहे. त्यांच्या चरित्राचा दुसरा धागा, म्हणजे त्यांचा अक्षरांशीं जडलेला जन्मभराचा संबंध, आज आम्ही वाचकांपुढें ठेवूं इच्छितों.

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजीं सह्याद्रीच्या रानांत गंगामूळ येथें झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे तरुणपणीं पुण्यास रामचंद्रशास्त्री साठे यांच्यापाशीं विद्याध्ययन करीत होते. हे गुरुजी दुसऱ्या बाजीरावाच्या वाड्यांत वाराणसीबाईंस संस्कृत शिकवावयास जात. एका स्त्रीच्या मुखांतून शुद्ध संस्कृत ऐकून तरुण अनंतशास्त्र्यांच्या मनावर जो ठसा उमटला, तो कधींच पुसला गेला नाहीं. पुढें त्यांनीं आपल्या पत्नीस, लक्ष्मीबाईंस, संस्कृत शिकविलें. स्त्रीनें देववाणी शिकावी हें त्या काळच्या पंडितांस रुचणारें नव्हतें. अनंतशास्त्र्यांस उडुपी येथें विद्वानांच्या सभेपुढें ग्रंथांचे आधार काढून आपल्या कृत्याचें समर्थन करावें लागलें. पित्यानें हा वाद आधींच झुंजून ठेविला होता, म्हणूनच कन्येस अक्षरांचें दार उघडें सांपडलें. पहाटे, घरकामास आरंभ होण्यापूर्वीं, आई लेकीस उठवून श्लोक सांगे आणि लेक ते मुखोद्गत करी. अशा रीतीनें लहान वयांतच पुराणांतले हजारों श्लोक त्यांच्या जिभेवर बसले.

हें कुटुंब गांवोगांवीं पुराणें सांगत व तीर्थयात्रा करीत फिरे. १८७४ च्या सुमारास दक्षिणेंत अन्नाचा दुष्काळ पडला आणि या कुटुंबावर आकाश कोसळलें. प्रथम वडील, मागून आई, मग थोरली बहीण अशीं एकामागून एक माणसें उपासमारीनें व आजारानें गेलीं. रमाबाई व त्यांचे बंधु श्रीनिवासशास्त्री हीं दोघेंच उरलीं. तीं पायीं हजारों मैल हिंडलीं. पंजाबांत झेलमच्या कांठीं थंडीचें निवारण व्हावें म्हणून त्यांनीं वाळूंत खड्डे करून त्यांत रात्री काढल्या. पोटांत अन्न नाहीं आणि मुखांत मात्र देववाणी, अशी ती स्थिति होती. भूक म्हणजे काय हें रमाबाई पुस्तकांत शिकल्या नव्हत्या. आमच्या वाचकांनीं ही गोष्ट ध्यानांत ठेवावी, कारण पुढें इब्री ग्रंथांतील दुष्काळांच्या कथा त्यांच्या हातीं आल्या तेव्हां त्या कथांचा अर्थ सांगावयास त्यांस कोणाचीही टीका लागली नसेल.

१८७८ सालीं हीं भावंडें कलकत्त्यास पोंचलीं. तेथील पंडितांनीं त्यांची परीक्षा घेऊन वीस वर्षांच्या या कुमारिकेस पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. दोन वर्षांनीं बंधूही वारले. त्याच साली, म्हणजे १८८० त, रमाबाईंनीं बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलाशीं नोंदणी पद्धतीनें विवाह केला. १८८१ त मनोरमा ही कन्या झाली आणि १८८२ च्या फेब्रुवारींत पतीस पटकीनें ओढून नेलें. आसामच्या बाजूस राहत असतांना पतीच्या पुस्तकसंग्रहांत रमाबाईंस लूकच्या शुभवर्तमानाची एक बंगाली पुस्तिका सांपडली होती. ती त्यांनीं कुतूहलानें वाचली. बायबलाशीं त्यांची पहिली ओळख झाली ती अशी, परप्रांतीं आणि परभाषेंत.

१८८२ त त्या पुण्यास आल्या. येथें त्यांनीं आर्य महिला समाज स्थापिला, स्त्रीधर्मनीति हें पुस्तक लिहिलें आणि हंटर कमिशनापुढें साक्ष देतांना हिंदी स्त्रियांसाठीं स्त्री-वैद्यांची व स्त्री-शिक्षकांची गरज मांडली. १८८३ त त्या इंग्लंडास गेल्या. वाँटेज येथील भगिनींच्या मठांत राहत असतां त्याच वर्षीं २९ सप्टेंबर रोजीं त्यांनीं व मनोरमेनें बाप्तिस्मा घेतला. पुढें चेल्टनहॅम येथील स्त्रियांच्या विद्यालयांत त्या शिकल्या व संस्कृत शिकवूंही लागल्या.

या काळांतील एक प्रसंग आमच्या विषयास फार लागू पडतो. मठांतील भगिनींनीं वापरावयाच्या क्रुसावर लॅटिन शब्द कोरलेले असत. रमाबाईंनीं त्यास हरकत घेतली. लॅटिन भाषा आपणांस येत नाहीं, आपल्या देशभगिनींस येत नाहीं. मग जो शब्द कळत नाहीं तो गळ्यांत घालून काय साधावें, असा त्यांचा प्रश्न होता. क्रुसावर शब्द हवेतच, तर ते आपल्या देशाच्या पुरातन व सुंदर संस्कृत भाषेंत असावेत, असें त्यांनीं पत्रानें कळविलें. संस्कृत ही देवांची भाषा म्हणून त्या तिला चिकटत नव्हत्या; ती आपल्या मायभूमीची भाषा म्हणून त्यांस प्रिय होती. ज्यांनीं त्यांस आसरा दिला होता त्यांच्याशींच हा वाद होता, तरी त्या मागें सरल्या नाहींत. शब्द पवित्र कशानें होतो, जुनेपणानें कीं कळण्यानें, हा प्रश्न तेव्हांपासून त्यांच्या मनांत ठाण मांडून बसला असें आम्हांस वाटतें.

पुढील इतिहास बहुतेकांस माहीत आहे, म्हणून तो आम्ही थोडक्यांत सांगतों. १८८६ त आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभासाठीं त्या अमेरिकेस गेल्या. तेथें त्यांनीं उच्चवर्णीय हिंदु स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजींत पुस्तक लिहून व व्याख्यानें देऊन मदत मिळविली. ११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस विधवांसाठीं शारदा सदन उघडलें व पुढल्याच वर्षीं तें पुण्यास आणलें. पुढें धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई याच सदनाच्या विद्यार्थिनी होत. १८९३ त मुलींच्या धर्मांतरावरून मोठें वादळ उठलें. रानडे व भांडारकर यांनीं सल्लागार मंडळ सोडलें आणि पुष्कळ पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. १८९६-९७ च्या दुष्काळांत रमाबाई मध्य प्रांतांत स्वतः फिरल्या व शेंकडों निराश्रित मुली व स्त्रिया घेऊन आल्या. पुण्यापासून सुमारें ६० किलोमीटरांवर, सोलापूरच्या लोहमार्गावर, केडगांव येथें त्यांची शेतजमीन होती. तेथें मुक्ति सदन उभें राहिलें. गुजराथच्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरांत गेली. या वसाहतींत शेती, दूध, विणकाम, सुतारकाम, शाळा, आंधळ्यांचें शिक्षण आणि छापखाना असें सर्व कांहीं होतें.

आतां आमच्या मुख्य विषयाकडे वळूं. बायबलाचीं मराठी भाषांतरें तत्पूर्वीं झालेलीं होतीं. सेरामपूर येथें विल्यम केरी यांनीं १८११ सालीं मराठी नवा करार छापिला. मागून मुंबईच्या मिशनरी मंडळींनीं व बायबल सोसायटीनें अधिक शुद्ध भाषांतरें केलीं. मुंबईचे डॉक्टर जॉन विल्सन यांनीं तर १८३२ सालींच बेने इस्राएल मुलांसाठीं मराठींत इब्री व्याकरण लिहिलें होतें. मग रमाबाईंस नव्या भाषांतराची गरज कां भासली? प्रचलित भाषांतराची भाषा संस्कृतप्रचुर होती. शहरांतील शिकलेल्या कुटुंबास ती सहज कळे. पण ज्या मुलींनीं दुष्काळाच्या खाईंतून येऊन नुकतीच मुळाक्षरें गिरविलीं होतीं, त्यांस ती पानोपानीं अडे. दुसरी अडचण सूक्ष्म होती. संस्कृत धर्मशब्दांच्या पाठीशीं वेदान्ताची व पुराणांची हजारों वर्षांची अर्थपरंपरा उभी असते. असा शब्द इब्री शब्दाच्या जागीं बसविला कीं मूळ अर्थाबरोबर दुसराच अर्थ घरांत शिरतो. ही गोष्ट जाणावयास संस्कृताचें खोल ज्ञान लागतें. तें रमाबाईंपाशीं होतें. म्हणूनच संस्कृत शब्द कोठें टाळावा हें त्यांस कळलें.

मूळ पाहिल्यावांचून भाषांतर करावयाचें नाहीं, असा त्यांनीं निश्चय केला. त्या वेळीं, म्हणजे १९०४-०५ च्या सुमारास, त्यांचें वय सत्तेचाळिशीच्या घरांत होतें. दोन हजार तोंडांच्या अन्नाची चिंता डोक्यावर होती. त्यांस ऐकूंही फार कमी येई. याच बहिरेपणामुळें तरुणपणीं वैद्यकी शिकण्याचा त्यांचा विचार सोडावा लागला होता. अशा स्थितींत त्यांनीं इब्री व ग्रीक या दोन भाषांस हात घातला. इतकेंच नव्हे, तर मराठी शिकणारांसाठीं इब्री भाषेचें व्याकरणही तयार केलें.

इब्री भाषेची रचना कशी आहे हें थोडें सांगितलें पाहिजे. तिचीं अक्षरें बावीस. तीं सर्व व्यंजनें. लिहिणें उजवीकडून डावीकडे. स्वरांच्या खुणा पूर्वीं लिहीत नसत. ख्रिस्तानंतर कित्येक शतकांनीं यहुदी विद्वानांनीं अक्षरांच्या वर, खालीं व पोटांत बिंदु आणि रेघा देऊन परंपरेचा उच्चार कायम केला. आपल्या बाराखडींतील काना, मात्रा, वेलांटी काढून टाकली तर मराठी पान जसें दिसेल, तसें तें जुनें इब्री पान. वाचणारानें व्यंजनांच्या हाडांवर स्वरांचें मांस स्वतः चढवावयाचें. संस्कृतांत जसे धातु, तशीं इब्रींत बहुधा तीन व्यंजनांचीं मुळें असतात. म, ल, क या तीन अक्षरांपासून मेलेक म्हणजे राजा व मलका म्हणजे राणी हे शब्द होतात. याच मुळाची अरबी बहीण आपल्या मराठींत मालक व मुलूख या वेषांनीं रोज वावरत असते. शालोम या इब्री शब्दाचें व आपल्या सलामाचें नातें असेंच आहे. पाणिनीच्या परंपरेंत वाढलेल्या पंडितेस मुळापासून शब्द उकलण्याची ही रीत परकी वाटण्याचें कारण नव्हतें.

अक्षरांचीं नांवेंही अर्थपूर्ण आहेत. आलेफ म्हणजे बैल, बेथ म्हणजे घर, दालेथ म्हणजे दार, मेम म्हणजे पाणी, आयिन म्हणजे डोळा. आरंभीं हीं अक्षरें त्या त्या वस्तूंचीं लहान चित्रेंच होतीं. बैल, घर, दार, पाणी, डोळा! जणूं एखाद्या शेतकऱ्याच्या अंगणांतूनच ही लिपि निघाली. बेथ हा शब्द आपल्या चांगल्या ओळखीचा आहे. बेथेल म्हणजे देवाचें घर आणि बेथलेहेम म्हणजे भाकरीचें घर. आतां रूथच्या पुस्तकाचा आरंभ आठवा. देशांत दुष्काळ पडतो आणि बेथलेहेमांतील एक कुटुंब पोटासाठीं परमुलखांत जातें. मूळ शब्द कळला कीं त्या साध्या वाक्यांतलें दुःख एकदम डोळ्यांपुढें उभें राहतें: भाकरीच्या घरांतच भाकरी उरली नव्हती. त्या कुटुंबांतील पुरुष मरतात आणि दोन विधवा माघारीं वाट चालूं लागतात. आईबापांस दुष्काळांत गमावलेल्या एका विधवेनें, दुष्काळांतून वांचविलेल्या विधवांच्या वस्तींत बसून, हें पुस्तक मराठींत उतरविलें. शब्दाचा खोल अर्थ सांपडतो तो असा. कोश एक अर्धा देतो आणि आयुष्य दुसरा अर्धा देतें.

आणखी दोन-तीन शब्द पाहूं. रूआह या एकाच शब्दाचे अर्थ वारा, श्वास व आत्मा असे तीन होतात. मराठींत त्यांस तीन निराळे शब्द आहेत; भाषांतरकारास प्रत्येक ठिकाणीं एक निवडावा लागतो आणि उरलेले दोन उंबऱ्याबाहेर ठेवावे लागतात. शालोम याचें भाषांतर आपण शांति असें करतों. पण त्याच्या मुळांत पुरेपणाचा अर्थ आहे. कांहीं मोडलेलें नाहीं, कोणी उपाशी नाहीं, कोणाचें देणें राहिलें नाहीं, असें नांदतें घर म्हणजे शालोम. नुसती भांडणें थांबलीं म्हणजे शालोम झालें असें नाहीं. तिसरा शब्द रहमीम. याचा अर्थ करुणा. आणि त्याच मुळापासून झालेल्या रेहेम या शब्दाचा अर्थ आईचें उदर. ईश्वराची दया सांगावयास इब्री संदेष्ट्यांनीं वापरलेला शब्द आईच्या शरीराशीं असा जवळचा आहे. हजारों अनाथ मुलींची जी आई झाली तिनें हा शब्द कोणत्या भावनेनें लिहिला असेल, याची कल्पना वाचकांनींच करावी.

इब्री कवींची एक रीत अशी कीं, बावीस अक्षरांच्या क्रमानें कडव्यांचा आरंभ करावयाचा. एकशें एकोणिसावें स्तोत्र याच रीतीचें आहे. प्रत्येक अक्षरास आठ याप्रमाणें त्यांत एकशें शहात्तर चरण आहेत. यरुशलेमेच्या नाशानंतर रचिलेल्या विलापगीतांचे पहिले चार अध्याय अक्षरक्रमानेंच चालतात. दुःख अनावर होतें. पण कवि त्यास आलेफापासून ताव अक्षरापर्यंत पायरी पायरीनें चालवितो, जणूं शोकासही सीमा असावी. नीतिसूत्रांच्या शेवटीं आदर्श स्त्रीचें जें वर्णन आहे, त्याचेंही चरण बावीसच. तेथें त्या स्त्रीस लावलेलें विशेषण हयिल या शब्दानें बनलें आहे. आपण त्याचा अर्थ सद्गुणी असा करून मोकळे होतों. पण इतर ठिकाणीं हाच शब्द शूरांच्या बळास आणि सैन्यास लावलेला आढळतो. म्हणजे ती स्त्री केवळ शालीन नव्हे, ती पराक्रमी आहे. शेत विकत घेणारी, रात्रीं दिवा विझूं न देणारी, गरिबास हात देणारी ही स्त्री केडगांवच्या लोकांनीं पुस्तकांत शोधावी लागत नव्हती. मात्र बावीस अक्षरांचा तो क्रम मराठींत आणतां येत नाहीं. भाषांतरकार कितीही थोर असो, नदी ओलांडतांना कांहीं सामान मागच्या कांठावर राहतेंच.

येथें तरुण वाचकांस एक इशारा दिला पाहिजे. इब्री अक्षरें अंकांचेंही काम करतात. म्हणून शब्दांच्या बेरजा करून त्यांतून गुह्य अर्थ काढण्याची एक पद्धति यहुदी गूढवाद्यांत फार जुन्या काळापासून आहे. तिच्यांत बुद्धीची चमक पुष्कळ आहे व तिच्या अभ्यासकांची श्रद्धाही आदरणीय आहे. परंतु बेरजेनें हवें तें सिद्ध करितां येतें, हा तिचा धोका आहे. एकाच आंकड्याचे दोन शब्द शोधणें सोपें. एका शब्दाचा खरा अर्थ त्याच्या वाक्यांतून, त्याच्या मुळांतून आणि तो दुसरीकडे कसा योजला आहे यावरून ठरविणें कठीण. रमाबाईंनीं हा कठीण मार्ग धरिला. एक एक शब्द घासून पाहावा, तो सबंध ग्रंथांत कोठें कोठें येतो हें शोधावें, आणि मग त्यास मराठी जोडीदार द्यावा, असें हें काम दिवसानुदिवस व वर्षानुवर्षें चाललें. गूढ अर्थ अक्षरांत लपलेला नसतो. तो श्रम करणारास हळूहळू दिसूं लागतो.

वाँटेज येथें ज्या रमाबाईंनीं लॅटिनाविरुद्ध संस्कृताचा कैवार घेतला, त्यांनींच केडगांवास संस्कृत शब्द वेंचून बाजूस ठेविले. यांत कोणास विसंगति वाटेल. आम्हांस ती वाटत नाहीं. दोन्ही ठिकाणीं त्यांचा प्रश्न एकच होता: माझ्या देशभगिनीस हें कळेल काय? इंग्लंडांत त्या प्रश्नाचें उत्तर संस्कृत असें आलें. मुक्ति सदनांत तें साधी मराठी असें आलें. स्वतःची सर्वांत मोठी विद्या, जिच्यामुळें सरस्वती ही पदवी मिळाली, ती दुसऱ्याच्या कळण्यासाठीं बाजूस ठेवणें हा त्याग घरदार सोडण्याहून लहान नाहीं. विद्वानास शब्द सोडणें फार जड जातें.

या कामांत त्या एकट्या राहिल्या नाहींत. मुक्तीच्या छापखान्यांत मुलीच खिळे जुळवीत, मुलीच यंत्र चालवीत, मुलीच पुस्तकें शिवीत व बांधीत. इब्री व ग्रीक खिळे जुळविण्याचें कामही त्या शिकल्या. ज्यांस दुष्काळानें रस्त्यावर टाकिलें होतें, ज्यांच्यापैकीं पुष्कळींनीं पूर्वीं पाटीला हातही लावला नव्हता, त्यांच्या बोटांनीं आलेफ, बेथ, गिमेल हीं अक्षरें ओळींत बसविलीं. अनंतशास्त्र्यांनीं एका स्त्रीस अक्षरें शिकविलीं म्हणून त्यांस पंडितसभेंत उभें राहावें लागलें. त्यांच्या कन्येच्या छापखान्यांत शास्त्रग्रंथ स्त्रियांच्या हातून जुळला, छापला व बांधला गेला.

अखेरचीं वर्षें सुखाचीं नव्हतीं. १९१९ सालीं सरकारनें कैसर-इ-हिंद हें पदक दिलें. पण १९२१ च्या जुलैंत मनोरमाबाई वारल्या. आईनंतर संस्थेचा भार तीच उचलील अशी सर्वांची अपेक्षा होती. एकुलती एक कन्या गेल्यावर त्रेसष्ट वर्षांच्या आजारी आईनें लेखणी खालीं ठेविली असती, तर तिला कोणी दोष दिला नसता. रमाबाईंनीं ती ठेविली नाहीं. शेवटचीं पानें तपासावयाचीं होतीं. काम पुरें होईपर्यंत आणखी दहा दिवस मिळावे अशी त्यांनीं प्रार्थना केली व तेवढेच दिवस त्यांस मिळाले, असें त्यांच्या चरित्रांत सांगतात. ५ एप्रिल १९२२ रोजीं पहाटे झोंपेंतच त्यांचें देहावसान झालें. संपूर्ण बायबल १९२४ सालीं मुक्तींत छापून बाहेर पडलें. एका स्त्रीनें सबंध बायबलाचें भाषांतर करावें अशीं उदाहरणें जगांत विरळा आहेत. अमेरिकेंत ज्यूलिया स्मिथ यांनीं तें १८७६ त इंग्रजींत प्रसिद्ध केलें होतें. मराठींत तो मान रमाबाईंचा आहे.

खरें सांगावयाचें तर रमाबाईंचें भाषांतर मंडळ्यांत फारसें रूढ झालें नाहीं. प्रार्थनामंदिरांतून वाचलें जाऊं लागलें तें बायबल सोसायटीचें. रमाबाईंची वाक्यें मूळ इब्रीस फार चिकटून चालतात, म्हणून कांहीं ठिकाणीं तीं कानास खडबडीत लागतात, असा आक्षेप जाणत्यांनीं घेतला आणि तो अगदींच निराधार नाहीं. मग सतरा-अठरा वर्षांचे श्रम वायां गेले काय? इब्रींत दाबार असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ शब्द असाही होतो आणि वस्तु किंवा घडलेली गोष्ट असाही होतो. बोललेलें आणि झालेलें यांत त्या भाषेनें भिंत घातली नाहीं. रमाबाईंच्या भाषांतराचें मोल या दृष्टीनें केलें पाहिजे. रहमीम या शब्दास त्यांनीं मराठी प्रतिशब्द योजिला. पण त्याच्या कितीतरी आधीं दुष्काळग्रस्त मुलीस उचलून आणून त्याचा अर्थ केडगांवच्या माळावर लिहून ठेविला होता. पुस्तक कपाटांत राहिलें असेल. अर्थ मात्र चालता बोलता झाला. मुक्ति सदन आजही केडगांवास उभें आहे व निराधार स्त्रियांस व मुलांस आसरा देत आहे. भारत सरकारनेंही १९८९ सालीं रमाबाईंच्या नांवें टपालाचें तिकीट काढून त्यांचें स्मरण केलें.

आमच्या शाळेंतील मुलामुलींस आम्ही एवढेंच सांगूं. तुम्ही संस्कृत, इंग्रजी, हिंदी, मराठी अशा भाषा शिकतां, त्यांचीं रूपें घोकतां आणि परीक्षा होतांच विसरतां. एखाद्या सायंकाळीं एकच शब्द घ्या, मग तो भाकर असो, घर असो, दया असो. तो कोठून आला, त्याचे भाऊबंद कोण, आपल्या आजीच्या तोंडीं तो कसा येतो, हें विचारा. आईबापांसही आमची विनंती आहे कीं, मुलांचे असे प्रश्न त्यांनीं झिडकारूं नयेत; लक्ष्मीबाईंनीं पहाटेची झोंप मोडून लेकीस अक्षरें दिलीं, त्यांतून केवढें झाड झालें हें आपण पाहिलेंच आहे. आणि शब्दाचा अर्थ सांपडला म्हणजे अभ्यास संपला असें कोणी समजूं नये. तो अर्थ आपल्याहून कमी शिकलेल्या माणसापर्यंत त्याच्या भाषेंत नेऊन पोंचविला, तरच आपल्यास तो खरोखर कळला. रमाबाईंच्या जीवितापासून घ्यावयाचा धडा आमच्या मतें हाच आहे.